मुख्य श्रोत्याची खुर्ची

निसर्गाने माणसाला दोनच कान दिले. ही त्रुटी बराच काळ कोणाच्या लक्षात आली नव्हती. लोक दोन कानांवर भागवत होते, आणि झोपताना त्यातलाही एक उशीत जात होता. बाजाराने अलीकडे ही उणीव भरून काढली आहे. आता चारही बाजूंनी ऐकण्याची सोय झाली असून त्यासाठी एक खोली, सात स्पीकर, एक सबवूफर आणि जागचे हलायचे नाही असा निर्धार एवढेच लागते. (सबवूफर म्हणजे जमिनीवर ठेवायची काळी पेटी. ती कानाला फारशी कळत नाही, पोटाला कळते.)

प्रस्तुत वृत्तांत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात ही यंत्रणा कशी बसवण्यात आली आणि तिचा तोल कसा साधण्यात आला, याविषयी आहे. घरात माणसे चार. आप्पा, वय एक्क्याऐंशी, तारखात्यातून निवृत्त. त्यांचे चिरंजीव, वय अठ्ठेचाळीस, एका कार्यालयात उपव्यवस्थापक. सूनबाई शाळेत गणित शिकवतात. नात सतरा वर्षांची असून सदैव हेडफोन लावून असल्यामुळे या वृत्तांतात फारशी येत नाही.

गेल्या वर्षी मेहुण्यांनी, म्हणजे सूनबाईंच्या धाकट्या भावाने, आपल्या घरी पाच स्पीकरांची यंत्रणा बसवली. त्या दिवसापासून चिरंजिवांना स्वतःच्या घरात नीट ऐकू येईनासे झाले. पुढचे सगळे त्यातून ओघानेच आले.

यंत्रणा बसवायला जो गृहस्थ आला तो ध्वनी-सल्लागार होता. (पूर्वी तो गिझर बसवत असे. दोन्ही कामांत भिंतीला भोके पाडावी लागतात.) त्याच्याकडे टेप, लेसर, तिकाटण्यावरचा मायक्रोफोन आणि एक छापील तक्ता होता. तक्त्यातला पहिलाच रकाना असा: मुख्य श्रोता.

"म्हणजे काय?" सूनबाईंनी विचारले.

"म्हणजे ज्याच्यासाठी आवाज लावायचा तो," सल्लागार म्हणाला. "सात स्पीकरांचा आवाज सारखा पोचेल अशी जागा खोलीत एकच असते. साधारण एका डोक्याएवढी."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांना पण येतं ना ऐकू. उरलेलं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. या घरात ऐकण्याचे काम कोणाकडे आहे, हा प्रश्न यापूर्वी निघाला नव्हता.

"आप्पांचं नाव घाला," सूनबाई म्हणाल्या. "या घरात दुसऱ्याचं ऐकून घेणारे तेवढेच आहेत."

"मुख्य श्रोता मी आहे," चिरंजीव म्हणाले.

"तू?" आप्पा खुर्चीतून म्हणाले. "कधीपासून?"

नोंद चिरंजिवांच्या नावे झाली.

यानंतर मोजमापे घेण्यात आली. मधला स्पीकर समोर, पुढचे दोन त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, बाजूचे दोन कानांच्या रेषेत, मागचे दोन पाठीमागे तिरपे. सगळ्या रेषा ओढून झाल्यावर मुख्य श्रोत्याचे डोके जिथे यायला हवे तो बिंदू मिळाला. तो थेट आप्पांच्या कपाळावर होता.

आप्पांची वेताची खुर्ची त्या जागी अकरा वर्षे होती. या काळात त्यांच्या दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली. कडेचा उजेड आणि थोडी हालचाल तेवढी उरली. जे गेले ते परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आप्पांनी नोकरीभर तारयंत्राची कटकट ऐकून मजकूर उतरवला होता. त्यांनी घरही तसेच उतरवून घ्यायला सुरुवात केली. मागून उजवीकडून येई दाराची कडी (चिरंजीव ती दोनदा ढकलतात, सूनबाई एकदा, नात खांद्याने). मागून डावीकडून स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण. डाव्या बाजूला नातीच्या खोलीचे दार, जे एरवी कुरकुरत लागे, आणि ती चिडलेली असली तर कुरकुरायच्या आत. उजव्या बाजूला भिंतीपलीकडचा जिना. समोर भिंतीवर लंबकाचे घड्याळ. ते वेळेसाठी नव्हते. घड्याळ डाव्या कानाला धरून अकरा पावले चालले की बाथरूम येई, आणि बरोबर पाठीला घेतले की आप्पांची खाट.

सल्लागाराच्या तक्त्यातल्या दिशा जवळपास याच होत्या. आप्पांची यंत्रणा वायरीशिवाय चालत होती, हा फरक. तिला मॉडेल क्रमांक नसल्याने ती विचारात घेण्यात आली नाही.

वेताची खुर्ची बसताना करकरते, ही करकर एकोणचाळीस डेसिबल भरते, असे मोजून सिद्ध करण्यात आले. खुर्ची माळ्यावर गेली आणि आप्पा दाराजवळच्या दिवाणावर.

"तिथं तुम्हाला पाय पसरता येतील, आप्पा," चिरंजीव म्हणाले.

"पाय पसरून काय ऐकू?"

खुर्चीच्या जागी मऊ पाठीची, न करकरणारी नवी खुर्ची आली. तीत प्रथम सबवूफर बसला. याचे कारण शास्त्रीय आहे. सबवूफरची जागा ठरवताना पेटी मुख्य श्रोत्याच्या खुर्चीत ठेवतात आणि मुख्य श्रोता जमिनीवर रांगतो. रांगता रांगता जिथे ठोका भरीव लागेल, ती पेटीची जागा. (ही पद्धत मान्यताप्राप्त आहे. सुशिक्षित, पगारदार माणसे ती पाळतात.) शनिवारी सकाळी दहा वाजल्यापासून बावन्न मिनिटे चिरंजीव आणि सल्लागार भिंतीच्या कडेकडेने रांगले.

"कोण रांगतंय?" आप्पांनी विचारले.

"आम्ही आहोत, आप्पा."

"आणि खुर्चीत कोण बसलंय?"

"सबवूफर."

"बरं. त्यांना चहा विचारा."

पेटीची जागा ठरल्यावर घरात थरथरणाऱ्या वस्तूंची मोहीम निघाली. पेटीतून एक खोल गुरगुर चढत्या क्रमाने सोडतात आणि कोण साथ देते ते पाहतात. जो साथ देतो तो खोलीतून जातो. कैलासवासी आजींची तसबीर त्रेचाळीस हर्ट्झला थरथरते, असे आढळले. (हयातीत त्या कोणाच्याही गुरगुरण्याला कधी थरथरल्या नव्हत्या.) तसबीर कपाटात गेली. चमच्यांच्या खणाला आतून फेल्टचे जाड कापड लागले. नातीच्या खोलीच्या दाराला आणि मुख्य दाराच्या कडीला तेल पडले. मुख्य दाराला चौफेर रबराची पट्टी आणि ते आपोआप मिटवून लॅच लावणारा दांडा बसला. भिंतींवर फोम, खिडक्यांना दुहेरी पडदे, जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. दाराची घंटा एक्क्याऐंशी डेसिबलने वाजते आणि कधीही वाजते, म्हणून तिची वायर काढण्यात आली. सल्लागाराने खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली. टाळी हातातच विझली. त्याने समाधानाने मान हलवली.

सायंकाळी आप्पा दिवाणावरून उठले आणि उभेच राहिले.

"अरे, घड्याळ कुठं गेलं?"

"काढलंय. टिकटिक तेहतीस डेसिबल येत होती, आप्पा."

"मग मला कळायचं कसं?"

"वेळ ना? टीव्हीच्या कोपऱ्यात दिसते आता. चांगली मोठी."

"दिसते," आप्पा म्हणाले. "उत्तम."

पुढच्या दोन आठवड्यांची आकडेवारी उपलब्ध आहे. बाथरूम समजून कपड्यांच्या कपाटात जाणे: तीन वेळा. पडद्याला सूनबाई समजून औषध मागणे: दोन वेळा. नात केव्हाच निघून गेलेली असताना तिला तारखात्यातली हकीकत सांगणे: एकदा, अकरा मिनिटे. (हकीकत रंगात आली होती, असे खुद्द आप्पांचे मत आहे.) याच काळात खोलीतला शांततेचा आकडा (कमी तितका चांगला) चव्वेचाळीसवरून एकतीसवर आला. सल्लागाराने दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर त्याला काही दिसले असते. पण तक्त्यात आकड्याचा रकाना एकच होता.

सूनबाईंनी विषय काढून पाहिला.

"आप्पा चाचपडताहेत. घड्याळ तरी परत लावू या."

"तोल एकदा साधला की लावू," चिरंजीव म्हणाले. "मध्येच काही हललं तर पुन्हा पहिल्यापासून."

तोल साधण्याचा विधी रविवारी झाला. मायक्रोफोन नव्या खुर्चीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवण्यात आला. घरातली माणसे बाहेर काढण्यात आली, कारण माणसे आवाज शोषतात. मग सातही स्पीकर पाळीपाळीने बोलले. ते सगळे एकच बोलतात: नळ फुटल्यासारखे खऽऽश. प्रत्येकाचा खऽऽश खुर्चीपाशी पंचाहत्तर डेसिबल भरला पाहिजे. कमी पडला तर वाढवायचा, जास्त झाला तर दाबायचा. दोन तास त्या खोलीत मायक्रोफोनने प्रत्येकाचे म्हणणे शांतपणे, मध्ये न बोलता ऐकून घेतले. असे त्या खोलीत बऱ्याच वर्षांनी घडत होते.

फक्त मागचा उजवा स्पीकर पडद्यामुळे मंद पडत होता. तो दीड डेसिबलने वाढवण्यात आला. हा स्पीकर घराच्या मुख्य दाराच्या चौकटीवर, अकरा सेंटिमीटर वर, बसवलेला आहे. वाचकाने हे अंतर लक्षात ठेवावे.

मग तालमी झाल्या. त्यांत आप्पांनी चित्रपटांतल्या पात्रांसाठी चार वेळा दार उघडले. एका पोलीस अधिकाऱ्याला "आत या, बसा" असेही म्हणाले. चिरंजिवांनी ही गोष्ट कार्यालयात अभिमानाने सांगितली. यंत्रणेच्या अस्सलपणाचा याहून मोठा पुरावा कोणाकडे होता? मेहुण्यांचे वडील अजून एकदाही उठले नव्हते.

"आप्पा, ते सिनेमातलं असतं," सूनबाईंनी चौथ्यांदा समजावले.

"मला काय ठाऊक? पूर्वी सिनेमातलं समोरून यायचं, घरातलं मागून."

"आणि मध्येच 'कोण आहे' म्हणून ओरडू नका," चिरंजीव म्हणाले. "तुमचा आवाज मागच्या उजव्यात मिसळतो."

आप्पा मानी होते. पुन्हा ओरडणार नाही, असे त्यांनी कबूल केले.

पुढच्या रविवारी पाच वाजता जाहीर प्रयोग ठेवण्यात आला. परीक्षक दोन: मेहुणे, आणि चिरंजिवांचे कार्यालयातले साहेब. नव्या खुर्चीत प्रथम साहेब बसणार, मध्यंतरानंतर मेहुणे. नात आपल्या खोलीत, हेडफोनमध्ये. सूनबाई मागे स्टुलावर. आप्पा दिवाणावर. पडदे ओढले, दिवे मालवले. चित्रपट डोंगरावरच्या एका चौकीत हिमवादळात अडकलेल्या प्रवाशांचा होता; तो कथेसाठी नव्हे, वाऱ्यासाठी निवडला होता. वारा सातही बाजूंनी आला. साहेबांनी कॉलर वर केली.

पाच वाजून बत्तीस मिनिटांनी चौकीचे दार वाजले. आवाज मागून उजवीकडून आला.

आप्पा उठले. कबूल केल्याप्रमाणे ओरडले नाहीत. गालिच्यामुळे त्यांची पावले वाजली नाहीत आणि तेलामुळे कडी वाजली नाही. त्यांनी दार उघडून हळूच "कोण?" विचारले. उत्तर आले नाही. समोर कोणी आहे की नाही हे त्यांना दिसत नसल्याने, हात पुढे करून पाहावे म्हणून ते दोन पावले बाहेर गेले. दांड्याने आपले काम केले. दार मिटले, लॅच लागले, रबराच्या पट्टीने चूं होऊ दिले नाही. खोलीत कोणाला काही कळले नाही. यासाठीच तर एवढी मेहनत घेतली होती.

आप्पांनी घंटेचे बटण तीनदा दाबले. मग दार वाजवले.

(टक् टक्. टक्.)

"हे मात्र मानलं," मेहुणे म्हणाले. मेहुण्यांनी काही मानण्याची ही पहिलीच वेळ होती. "माझ्याकडं दार असं वाजत नाही. माझ्याकडं ते टीव्हीतच वाजतं."

"मागचा उजवा दीडने वाढवलाय," चिरंजीव विनयाने म्हणाले.

येथे मागच्या स्पीकरांच्या कार्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पुढचे स्पीकर काय घडते आहे ते सांगतात. मागचे स्पीकर आपण त्यात आहोत असे वाटायला लावतात. चांगल्या यंत्रणेत माणसाला मागे वळून पाहावेसे वाटते. उत्कृष्ट यंत्रणेत त्याला तसे वाटते आणि तो पाहत नाही, कारण मागे स्पीकरच असणार याची त्याला खात्री असते. या दोन अवस्थांतले अंतर सुमारे दोन स्पीकरांचे आहे.

(टक् टक्. टक्. टक् टक्.)

दुसऱ्या खेपेस आप्पांनी सवयीने तारेच्या लिपीत ठोकले. मजकूर होता: दार उघडा. तो त्यांनी संपूर्ण पाठवला, एकही अक्षर चुकले नाही. पलीकडच्या आठ कानांपैकी एकच नीट ऐकत होता, साहेबांचा. दुसरा वाऱ्याकडे होता.

"ठेका बघा," साहेब म्हणाले. "नुसतं वाजवलेलं नाही. काहीतरी सांगायचंय त्याला."

"अरे, उघडा रे. मी आहे," मागून उजवीकडून आवाज आला.

"म्हाताऱ्याचं काम कोणी केलंय?" साहेब म्हणाले. "जिवंत माणूस आहे हो!"

"आपल्या आप्पांसारखा वाटतो ना आवाज?" सूनबाई अंधारात म्हणाल्या.

"ताई, तीच तर खरी कसोटी," मेहुणे म्हणाले. "परका आवाज कुठलंही यंत्र काढेल. ओळखीचा वाटला पाहिजे."

"जरा शांत," चिरंजीव म्हणाले. "ऐकू दे."

पडद्यावर त्या वेळी वादळ ओसरून मंडळी एका उघड्या होडीतून चालली होती. होडीला दार नसते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आले असते तर दोष दिग्दर्शकाचा ठरला असता. आवाज निर्दोष होता.

(टक्.)

त्यानंतर दार वाजायचे थांबले. "योग्य ठिकाणी थांबवलंय," असा अभिप्राय साहेबांनी दिला.

ते थांबण्याचे कारण असे. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खाली, कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. पेटीच्या ठोक्यांनी त्यांच्या टेबलावरची बटणे घरंगळत होती. त्या तक्रार करायला वर आल्या तेव्हा आप्पा सर्वांत वरच्या पायरीवर बसले होते.

"आप्पा, इथं काय करताय?"

"दार उघडत नाहीत."

"घरात कोणी नाही?"

"सगळे आहेत. म्हणून तर."

बाईंनीही दार ठोकून पाहिले. (ते वर कंसात येऊन गेले आहे, शेवटचे.) मग त्या आप्पांना हाताला धरून खाली घेऊन गेल्या, त्यांना शिलाईयंत्राशेजारी बसवले, चहा दिला आणि सूनबाईंना फोन लावला. चार वेळा. फोन चमच्यांच्या खणात, फेल्टमध्ये ठेवलेला होता.

सहा वाजून तेरा मिनिटांनी मध्यंतर झाले, दिवे लागले, आणि दिवाण रिकामा दिसला. पुढची सहा मिनिटे चिरंजीव सगळ्या खोल्यांतून धावले. कपड्यांच्या कपाटातही पाहिले. तेवढा अनुभव गाठीशी होता. सूनबाईंनी जिना पाहिला, परत येऊन खण उघडला, फोन पाहिला, आणि सगळे खाली आले.

शिलाईयंत्र चालू होते. कुकरची शिट्टी झाली, खिडकीतून रस्ता आत येत होता, बाई दाताखाली दोरा धरून बोलत होत्या. आप्पा भिंतीला टेकून आरामात बसले होते.

"आप्पा!" चिरंजिवांना धाप लागली होती. "केवढा घाबरलो मी."

"ऐकलं," आप्पा म्हणाले. "आधी माझ्या खोलीत गेलास, मग बाथरूम, मग कपाट. अनवाणी. डावी टाच अजून आपटतोस. सायकलवरून पडलास तेव्हापासून. वर गालिचा घातल्यापासून मला कळायचंच बंद झालं होतं, तू घरात आहेस की नाहीस. इथं सगळं छतातून येतं. सूनबाई दमल्यात, पाय ओढताहेत. नात उठलेलीच नाही अजून."

सूनबाईंनी पदराने डोळे टिपले. चिरंजिवांनी मान वर करून छताकडे पाहिले. ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांना आपली चूक उमगली असावी, असे बाईंना वाटले.

"वरून," चिरंजीव शेवटी म्हणाले. "वरून आवाज आला की किती खरं वाटतं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सल्लागाराला फोन करून छतात बसवायचे चार स्पीकर मागवले.

आता आप्पा सकाळी दहा ते सायंकाळी सात खालीच असतात. माळ्यावरची वेताची खुर्ची आणि लंबकाचे घड्याळ बाईंनी मागून नेले. घड्याळ डाव्या कानाला धरून सात पावलांवर त्यांचे स्वयंपाकघर येते. सूनबाई शाळेतून आल्या की आधी दुसऱ्या मजल्यावर थांबतात. नातही हेडफोन गळ्यात अडकवून तिथे दिसू लागली आहे. त्यामुळे वरच्या खोलीतला शांततेचा आकडा सत्तावीसवर आला असून सल्लागाराने तसे प्रमाणपत्र दिले आहे. मुख्य श्रोता खुर्चीत एकटा बसतो. चारही बाजूंनी, आणि आता वरूनही, त्याला उत्तम ऐकू येते.

राहता राहिला वाचक. या वृत्तांतात घराचे दार तीन वेळा वाजले. आतल्या मंडळींना ठाऊक नव्हते. वाचकाला पहिल्या ठोक्यापासून ठाऊक होते की बाहेर एक्क्याऐंशी वर्षांचा, नजर गेलेला माणूस उभा आहे. तरी त्याने मागच्या स्पीकरांच्या कार्याविषयीचा परिच्छेद शांतपणे वाचून काढला. यावरून वाचकाची खुर्ची अगदी योग्य जागी लागली आहे, असे प्रमाणित करण्यात येते.